आक्काला समजलेला पिच्चर

राजवीरनं आपल्या वडिलांना पिच्चरबद्दल सांगितलं, ते अर्धंच सांगितलं. "आबा, हुपरीच्या चांदीवर पिच्चर काढतोय," एवढंच तो म्हणाला, आणि हंबीरराव तिथंच फुलले. तीन पिढ्या पैंजणं घडवणारं घर. कोल्हापुरात दोन वर्षं पिच्चर काढायचं शिकलेलं पोरगं शेवटी घरच्याच धंद्यावर आलं म्हणून त्यांनी अकरा दिवस भट्टी, हत्यारं, कारागीर, सगळं त्याच्या हवाली केलं आणि गल्लीभर सांगत सुटले, "आता कळंल लोकांना, पैंजण कसं हुतंय ते!"

उरलेलं अर्धं आक्काला कळलं ते चहामुळं.

आक्का म्हणजे राजवीरची आई. नाव संयोगिता, पण धाकटी भावंडं आक्का म्हणायची म्हणून पोरगाही आक्काच म्हणायला लागला, आणि मग गल्लीनंही तेच धरलं. बाई अंगानं बारीक, जिभेनं तिखट आणि नजरेनं भारी. घुंगरांच्या ढिगात एखादं कच्चं घुंगरू असलं तर ती उभ्या उभ्या बोट ठेवायची.

पहिल्याच दिवशी शूटिंग तिच्या स्वयंपाकघरात लागलं. पिच्चरात दोन पोरं होती, शिवा आणि नामा, एकोणीस-वीस वर्षांची, एकाच कारखान्यात कामाला. त्यांची कामं राजवीरचे कोल्हापूरचे दोन दोस्त करत होते. सीन एवढाच, की शिवा अर्धा कप चहा पितो, कप पुढं सरकवतो आणि उरलेला नामा पितो. पण एवढ्याला अख्खी दुपार गेली. राजवीर "कट" म्हणायचा आणि आक्कानं नवा चहा टाकायचा. बाराव्या की तेराव्या चहाला तिचा धीर सुटला.

"आरं, चहाच प्यायचा हाय न्हवं? का ते बी शिकवायलाईस?"

"तो चुकीच्या बाजूनं पितोय, आक्का."

"चहाला कसली आलीया बाजू?"

राजवीरची नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर होती, म्हणून तो बोलून गेला. "शिवानं ज्या कडेला ओठ लावला त्याच कडेनं नाम्यानं प्यायला पायजे. कप जरासा फिरवायचा. बघणाऱ्याला दिसलं पायजे, पण आपण दाखवतोय असं वाटाय नको."

आक्काच्या हातातली गाळणी थांबली. तिनं पोराकडं बघितलं. मग कॅमेरा धरून बसलेल्या आदर्शकडं बघितलं. आदर्श कोल्हापूरचा, राजारामपुरीतला, शूटिंगपुरता ह्यांच्याच घरी उतरलेला. लग्नांचे फोटो काढायचा त्याचा धंदा, उंच, लाजरा, जेवताना 'पुरे काकू' म्हणून हात आडवा घालणारा. 'त्याच कडेनं' हे ऐकल्याबरोबर त्याचे कान गाजरागत लाल झाले होते. सकाळपासून ह्या पोरानं तीनदा चहा घेतला होता, आणि तिन्ही वेळा राजवीरच्याच कपातला. हे आक्काला आत्ता आठवलं.

"हां," ती म्हणाली, आणि चहात साखर दुप्पट पडली.

संध्याकाळी ती परसात पावट्याच्या शेंगा सोलत बसली आणि एकेक दाण्याबरोबर एकेक तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं. गल्लीतल्या बायका, जाऊबाई, गडहिंग्लजची नणंद, आणि सगळ्यात शेवटी हंबीरराव. पण मग तिला दुसरंही आठवलं. गेली दोन वर्षं राजवीर शनिवारी घरी यायचा, जेवायचा आणि मुक्यानं मोबाईलकडं बघत पडायचा. आणि ह्या खेपेला आल्यापासून तो न्हाणीत चक्क शीळ घालत होता. आक्कानं सोललेले पावटे उचलले. शीळ घालणारं पोरगं बरं, असं तिनं ठरवलं. बाकीचं मागनं बघता येईल.

दुसऱ्या दिवशी ती पापड उचलायला गच्चीवर गेली, तर पाण्याच्या टाकीआड दोघं बोलत होते.

"आबांना कळलं तर?" आदर्श विचारत होता.

"कसं कळंल? तोंडानं कोण काय बोलतंय का पिच्चरात? सगळं कपात हाय, सदऱ्यात हाय, रिठ्याच्या पाण्यात हाय. ह्याला सबटेक्स्ट म्हणत्यात भावा. ज्याला कळायचं त्याला कळंल, बाकीच्यांना चांदी दिसंल."

आक्का पापड घेऊन पाय न वाजवता खाली आली. तिला राग आला. कपाची कड आपल्याला दिसत नाही असं ह्या पोराला वाटावं? ज्या बाईनं त्याचं पहिलं खोटं तो सव्वा वर्षाचा असताना पकडलं होतं, तिला? बरं, मग होऊ दे, असं मनाशी म्हणून तिनं पदर खोचला.

रात्रीच्या जेवणाला हंबीरराव म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय जरा."

"कमी न्हाय," आक्का वाढता वाढता म्हणाली. "सबटेक्स्ट हाय त्यात. ज्याला कळायचं त्याला कळंल."

राजवीरला असा ठसका लागला की आदर्शला त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. "हळू मार, बाळा," आक्का मायेनं म्हणाली. "नाजूक हाय त्यो."

"काय हाय म्हणालीस आमटीत?" हंबीररावांनी विचारलं.

"कोकम," आक्कानं सांगितलं.

चार दिवसांनी सदऱ्यांचा सीन आला. सुरुवातीला शिवाच्या अंगात निळा चौकड्यांचा सदरा होता आणि नामाच्या अंगात पिवळा. आता कुणी काही न बोलता ते उलटे झाले होते. हंबीररावांनी लगेच हटकलं, "आरं, ह्याचा सदरा त्याच्या अंगात कसा?" आणि राजवीरनं तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तरही दिलं, "हां, गरिबाच्या घरात कपडे असेच फिरत्यात. बरोबर हाय."

"व्हय आबा, गरिबीच," राजवीरनं मोठा श्वास सोडला.

"गरिबीच," आक्का दारातनं म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं धुणं वाळलं तसं घडी घातलं, इस्त्री मारली, आणि आदर्शचा हिरवा सदरा राजवीरच्या कपाटात आणि राजवीरचा पांढरा आदर्शच्या पिशवीत ठेवून दिला. सकाळी काय होतंय ह्याची तिला भारी उत्सुकता. काहीच झालं नाही. दोघं सकाळी खाली आले, राजवीरच्या अंगात हिरवा, आदर्शच्या अंगात पांढरा, आणि दोघांनीही मान खाली घालून पोहे खाल्ले. आक्काला हसू दाबायला परसात जावं लागलं.

पिच्चर पुरा झाला, त्याला 'सांधा' असं नाव ठेवलं, आणि कोल्हापुरातल्या एका चित्रपटप्रेमी संस्थेनं रविवारी सकाळी अकराला तो दाखवायचं ठरवलं. दाखवून झाल्यावर चर्चा होणार होती. राजवीर घरात कुणाला सांगणार नव्हता, पण पेपरात दोन ओळी छापून आल्या. हंबीररावांनी त्याच दिवशी मिनीबस ठरवली.

राजवीर आक्काकडं धावत आला. "आक्का, आबांना थांबव. आख्खी गल्ली घेऊन निघाल्यात."

"येऊ देत की. चांदीचाच पिच्चर हाय न्हवं?"

"हाय, पण... कलात्मक हाय. कंटाळतील लोक."

"मला दाखव. कंटाळा आला तर थांबवते."

आता त्याला पळवाट राहिली नाही. त्यानं लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. आक्का पाटावर बसली, आणि तो पिच्चरऐवजी तिच्या तोंडाकडंच बघत राहिला.

पिच्चर चाळीस मिनिटांचा. आक्काला वाटलं होतं, चेष्टा करायला बराच माल मिळेल. पण रिठ्याच्या फेसात चांदी धुताना दोन पोरांचे हात एकमेकांना लागतात आणि ते बाजूला घ्यायचं दोघंही विसरतात, तिथं ती चेष्टा विसरली. भट्टीच्या उजेडात नामा डोळे बारीक करून कड्याची दोन टोकं झाळतो, जाळावर वितळवून एक करतो, आणि शिवा ते कडं गरम असतानाच उचलतो, बोट भाजलं तरी सोडत नाही. हे सगळं तिच्याच घरात झालं होतं, आणि तिच्या घरात इतकं काही सुंदर आहे हे तिला माहीत नव्हतं.

मग शेवट आला. शिवाला शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी लागते. नामानं घडवलेलं कडं मनगटात घालून तो एसटीत बसतो, खिडकीच्या गजावर हात आपटतो, कड्याचा सांधा सुटतो आणि कडं रस्त्यावर पडतं. गाडी निघून जाते. संपलं.

"का तोडलंस?" आक्कानं विचारलं.

"काय?"

"कडं. का तोडलंस?"

"असंच हुतंय, आक्का."

"कुणाचं?"

राजवीर ओट्यावरचा पाण्याचा ओघळ बोटानं पुसत राहिला. "असल्या... असल्या दोस्तीचं."

आक्काच्या तोंडाशी आलं होतं, सांगून टाकावं, की मला कळलंय, गप पोटभर जेवा दोघंही. पण तिला पोराचाच राग आला. ह्याच घरात राहून ह्यानं गृहीत धरलं होतं, की ह्याचं तुटणारच. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ तोडूनच टाकलं. "पिच्चर चांगला हाय," ती उठत म्हणाली. "शेवट तेवढा अळणी. न्हाय थांबवत मी तुझ्या आबांना. येऊ दे समद्यांना."

रविवारी हुपरीची सव्वीस माणसं इस्त्रीचे कपडे घालून हॉलात येऊन बसली. पुढच्या दोन रांगांत कोल्हापूरची जाणकार मंडळी, त्यांच्यामागं हुपरी. हंबीररावांनी फेटा बांधला होता, त्यामुळं त्यांच्यामागं बसलेल्या आकारामला अर्धा पिच्चर तिरकं होऊन बघावा लागला. आकाराम हा त्यांचा सगळ्यात जुना कारागीर. चाळीस वर्षं झाळकाम करून त्याच्या भुवयांचे केस कधीच गेले होते.

पिच्चर संपला. टाळ्या झाल्या. मग वल्लरीबाई बोलायला उभ्या राहिल्या. कॉलेजात त्या सिनेमा शिकवत. गळ्यात मोठे मणी, आवाज गोड.

"ही कलाकृती म्हणजे हस्तव्यवसायाचं शोकगीत आहे," त्यांनी सुरुवात केली. "एक कप दोघांत, म्हणजे आटत चाललेली साधनं. सदऱ्यांची अदलाबदल, म्हणजे यंत्रयुगात श्रमिकाचं पुसलं जाणारं व्यक्तिमत्त्व. रिठ्याचं पाणी म्हणजे अर्थातच पंचगंगेचं प्रदूषण. आणि शेवटी निसटलेलं कडं, म्हणजे गावापासून तुटलेला कामगार. बरोबर ना, राजवीर?"

"अगदी बरोबर, मॅडम," राजवीर म्हणाला. तो इतक्या जोरानं मान हलवत होता की आक्काला वाटलं ती निखळून पडेल. हंबीरराव तर आजूबाजूला बघत बसले होते, माझ्या पोरानं केलंय हे सगळं, अशा थाटात. राजवीरच्या शेजारी बसलेल्या आदर्शनं डोळे मिटून घेतले होते.

"कुणाला काही विचारायचंय?" वल्लरीबाईंनी विचारलं.

आकाराम उभा राहिला. "विचारायचं न्हाय, सांगायचं हाय. बाई, तुमचं शिक्शन मोठं, पण नदीबिदी काय न्हाय त्यात. त्या दोन पोरांचा एकमेकांवर जीव हाय."

पुढच्या दोन रांगा माना वळवून बघायला लागल्या.

"म्हणजे... मैत्री," वल्लरीबाई म्हणाल्या.

"मैत्री कशी? मैतराचा उष्टा चहा कोण बी पितंय, पण कप फिरवून कोण पितंय का? माझी मंडळी नवी लगीन करून आलती तवा मी पीत हुतो तसा."

"व्हय की," मागनं एक बाई म्हणाली. "आम्हाला तर कपालाच कळलं."

"मला सदऱ्याला," दुसरी म्हणाली.

"कडं गरम असताना उचललं त्यानं, तवाच मी आमच्या ह्यांना कोपर मारलं," तिसरी म्हणाली.

सगळी मिनीबस एकदम बोलायला लागली. आणि आक्काच्या तोंडावरचं हसू गेलं. पोराची फजिती बघायची तिला हौस होती, पण ती घरातल्या घरात. गल्लीला डोळे आहेत ह्याचा हिशेब तिनं धरलाच नव्हता. राजवीरच्या चेहऱ्यावर रक्त राहिलं नव्हतं. आता कुणी एक शब्द वाकडा बोललं तर आपण काय बोलायचं, हे तिनं मनात जुळवायला घेतलं, आणि तेवढ्यात शेजारची खुर्ची वाजली. हंबीरराव उभे राहिले होते.

"पिच्चरात चूक हाय," ते म्हणाले.

आक्कानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला, पण त्यांनी तो सोडवून घेतला.

"शेवटी कडं सुटतंय सांध्यातनं. असं हुत न्हाय. झाळ नीट लागली, तर ती जागा बाकीच्या चांदीपरास घट्ट. कडं वाकंल, चेपंल, दुसरीकडं कुठं बी तुटंल. सांध्यात सुटायचं न्हाय. विचारा आकारामला."

"बरोबर हाय," आकाराम म्हणाला.

"सुटलं, तर त्याचा अर्थ एकच. झाळायच्या आधी टोकं साफ केली न्हाईत. आत मळ ठिवला, लपवला, आणि वरनं जोडलं. तसलं सुटतंय." ते राजवीरकडं बघत होते. "आमच्या घरात तसलं काम हुत न्हाय. शेवट बदल. हुपरीचं नाव खराब हुतंय."

आणि ते खाली बसले. वल्लरीबाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. हंबीररावांना पिच्चर कळला की नुसती झाळ कळली, हे आक्काला संसाराच्या अठ्ठावीस वर्षांनंतरही त्या तोंडाकडं बघून सांगता येईना.

बाहेर गाड्यांच्या रांगेत राजवीर एकटा उभा होता. हंबीरराव त्याच्याकडं गेले. आक्काही मागनं गेली, चप्पल तुटल्यासारखं करून ऐकू येईल एवढ्या अंतरावर वाकली.

"आबा, मी सांगणार हुतो..."

"कवा? मी मेल्यावर?" हंबीररावांचा आवाज चढला आणि मग त्यांनीच तो खाली घेतला. "चांदीचा पिच्चर म्हणालास मला. खोटं बोललास."

"चांदीचा बी हाय की, आबा."

"हाय. म्हणून शेवटपातूर बसलो." ते बराच वेळ समोरच्या स्कूटरच्या आरशात फेटा नीट करत राहिले. फेटा नीटच होता. "मला आवडलं असं मी म्हणत न्हाय. वेळ लागंल मला. किती, ते इचारू नगंस. पण लपवून ठिवायचं काम बंद." मग त्यांनी हॉलच्या पायरीकडं बोट केलं. आदर्श तिथं कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरून उभा होता. "त्याला म्हणावं, मिनीबसमधी जागा हाय. जेवाय घरीच यायचं."

राजवीर रडायला लागला, तसे हंबीरराव घाईनं वळले आणि वाकलेल्या आक्कावर धडकता धडकता राहिले.

"तुला कवापास्नं म्हाईत हाय?"

"मला? आत्ताच," आक्का चप्पल पायात घालत म्हणाली. "तुमच्यासंगंच कळलं की."

"खोटारडी," हंबीरराव म्हणाले आणि मिनीबसकडं चालू लागले.

गल्ली काही आठवडे बोलली. नणंदेनं गडहिंग्लजहून फोन करून आक्काला बरंच सुनावलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि पिच्चरात स्वयंपाकघर किती झकास दिसलं तेवढं सांगितलं. हंबीरराव मधेच दोन-दोन दिवस गप्प व्हायचे, जेवताना राजवीरकडं न बघता उठून जायचे. पण शेवट बदलायचा विषय मात्र त्यांनी सोडला नाही. पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणाले, "बोलव त्या कॅमेरेवाल्याला. झाळायचे हात माझे घे. त्या तुझ्या नाम्याला फुंकणी बी धरता येत न्हाय."

त्या रविवारी कारखान्यात पुन्हा दिवे लागले. हंबीरराव पाटावर बसले, पुढं दिव्याची ज्योत, चिमट्यात कडं. आदर्शनं कॅमेरा जवळ आणला आणि अदबीनं म्हणाला, "काका, हात जरा डावीकडं घेता?"

"डावीकडं घेतला तर जाळ चुकतोय. तू शिकव आता मला!" हंबीररावांनी चिमटा खाली ठेवला. "हिकडं ये. बस. ते यंत्र दे त्याच्याकडं."

आदर्शनं कॅमेरा राजवीरकडं दिला आणि मांडी घालून बसला. हंबीररावांनी त्याच्या तोंडात फुंकणी दिली. "फुंक. जोरात न्हाय. गालात हवा धर, नाकानं श्वास घे."

आदर्शनं गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि फुंकलं. ज्योत विझली. आकारामनं ती पुन्हा पेटवली. दुसऱ्या फुंकीला ज्योत आडवी झाली आणि आदर्शची उजवी भुवई चुरचुरली. दारात उभ्या आक्कानं तोंडाला पदर लावला.

"कोल्हापूरकर, हवाच लई तुमच्यात," हंबीरराव म्हणाले. "परत."

तिसऱ्या वेळी ज्योत बारीक होऊन सांध्यावर टेकली, आणि झाळ चकाकत आत उतरली. हंबीररावांनी कडं पाण्यात टाकलं, चर्र वाजलं. मग त्यांनी ते उजेडात धरून फिरवलं, दोन्ही बाजूंनी खेचलं, नखानं खरवडलं.

"काका, आता शूटिंग करूया?" आदर्शनं भुवई चोळत विचारलं.

"शूटिंग मागनं," हंबीररावांनी दुसरं कडं त्याच्या पुढ्यात टाकलं. "हे घे. आधी टोकं साफ कर."

राजवीर कॅमेरा घेऊन पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिला, आणि शूटिंगला त्याला कुणी बोलावलंच नाही.